डावा की उजवा?

गेल्या महिन्यात आमच्या बचतगटाची बैठक होती. हप्त्यांची वही उघडली, सह्या सुरू झाल्या आणि कोपऱ्यात बसलेली एक मैत्रीण सारखी डोळा चोळायला लागली. मी विचारलं, "काय गं, काही गेलं का डोळ्यात?" ती म्हणाली, "नाही हो ताई, आठ दिवस झाले, पापणी सारखी फडफडतेय." झालं! वही बाजूला राहिली आणि सगळ्या जणी एका सुरात विचारत्या झाल्या, "डावा की उजवा?"

डावा निघाला. मग काय विचारता! "अगं, लॉटरी लागणार तुला", "माहेरचा निरोप येणार बघ", "नवरा साडी आणतोय की काय!" हसण्याखिदळण्यात पाच मिनिटं गेली. ती बिचारीही हसली. पण तिला कुणी एक साधा प्रश्न विचारला नाही, की बाई गं, तू झोपतेस किती? मीही विचारला नाही. घरी येताना ती माझ्याबरोबर होती, तेव्हा कळलं. सासऱ्यांना रात्रीतून तीन-चार वेळा उठवावं लागतं, पहाटे साडेचारला पाणी येतं आणि दिवसभर शिलाई मशीन. आठ दिवसांपासून तिची सलग झोप चार तासांच्या वर गेलेली नव्हती. तिच्या पापणीला साडीची नव्हे, झोपेची आस लागली होती.

बायकांचा डावा डोळा लवला की शुभ, उजवा लवला की अशुभ. पुरुषांचं याच्या उलट. हे आपण आजीच्या मांडीवर बसून शिकलेलो. माझी आजी तर उजवा डोळा लवला की केरसुणीच्या हिराचा बारीकसा तुकडा ओला करून पापणीवर चिकटवायची. हा समज काही आजचा नाही. रामायणाच्या सुंदरकांडात हनुमान भेटण्याआधी अशोकवनातल्या सीतेचा डावा डोळा लवतो. कॉलेजात आम्हाला 'शाकुंतल' होतं. त्यात पाचव्या अंकात दुष्यंताच्या दरबारात शिरताना शकुंतलेचा उजवा डोळा लवतो आणि पुढे तिचा अपमान होतो. तेव्हा परीक्षेपुरतं लिहून मोकळी झाले. आता वाटतं, शकुंतलेचा अपमान डोळा लवल्यामुळे थोडाच झाला? राजा तिची ओळख विसरला म्हणून झाला. आणि विचार करा, गरोदरपणी, वणवण करून, उन्हातान्हातून ती राजधानीत पोचली होती. डोळा लवला नसता तरच नवल!

मला या समजुतीचा राग नाही. शुभ म्हणून कुणी दोन मिनिटं सुखावत असेल तर सुखावू दे. राग येतो तो याचा, की शरीर काहीतरी सांगत असतं आणि आपण त्याचं भविष्य करून टाकतो.

आधी हे पापणी फडफडणं म्हणजे काय ते साध्या भाषेत सांगते. डोळ्याभोवती एक गोल, पातळ स्नायू असतो. पापणी मिटायचं काम त्याचं. दमणूक झाली की या स्नायूचे बारीक धागे आपोआप आकसायला लागतात. बहुतेक वेळा एकाच डोळ्याची आणि त्यातही खालची पापणी फडफडते. आपल्याला वाटतं, सगळं जग बघतंय. प्रत्यक्षात समोरच्याला ते दिसतही नाही. काही सेकंद होतं, थांबतं, पुन्हा होतं. असं काही दिवस, कधी दोन-तीन आठवडेही चालतं आणि आपलं आपणच जातं. डॉक्टर याला मायोकिमिया म्हणतात. याने नजर जात नाही, डोळा वाकडा होत नाही, अर्धांगवायूची ही सुरुवातही नसते. म्हणजे घाबरायचं कारण नाही.

कारणं म्हणाल तर आपल्या रोजच्या दिवसातलीच. अपुरी झोप, मनावरचा ताण, चहा-कॉफीचा अतिरेक, डोळ्यांचा कोरडेपणा, बारीक कामाने किंवा मोबाइलने डोळे शिणणं, चष्म्याचा नंबर बदललेला असूनही जुनाच चष्मा वापरणं. चहाचं तर आपलं गणितच वेगळं. "मी कुठे फार चहा घेते? अर्धाच कप घेते," असं प्रत्येक बाई सांगते. पण सकाळचा अर्धा, कामवालीबरोबर अर्धा, पाहुणा आला की त्याला सोबत म्हणून अर्धा, दुपारी झोप उडवायला अर्धा... हे अर्धे मोजून बघा, पाच कप कधी होतात ते कळत नाही. मोबाइलचंही तसंच. एकटक पडद्याकडे बघताना आपण पापण्या कमी वेळा मिटतो, डोळा कोरडा पडतो. सगळी निजानीज झाल्यावर 'आता माझा वेळ' म्हणून आपण अंधारात मोबाइल उघडतो. तो वेळ आपल्या हक्काचा आहे, मान्य. पण तो आपण आपल्याच झोपेतून कापून घेतो.

मी स्वतः यातून गेलेय. मुलीची दहावी होती, सासूबाईंचं पायाचं हाड मोडलेलं होतं आणि मार्च अखेरीमुळे गटाच्या वह्या पूर्ण करायच्या होत्या. उजवा डोळा तीन आठवडे लवत होता. मनात नाही नाही ते आलं. आता मुलीचं काय होतं, सासूबाईंचं काय होतं! आणि त्या काळजीने आणखी झोप उडाली. म्हणजे अपशकुनाच्या भीतीनेच अपशकुन लांबला. परीक्षा संपली, नणंद आठ दिवस येऊन राहिली, मी दोन रात्री पोटभर झोपले आणि पापणी गप्प झाली. मुलगी चांगल्या मार्कांनी पास झाली, सासूबाई काठी घेऊन चालायला लागल्या. उजव्या डोळ्याचं भाकीत असं साफ खोटं ठरलं!

यावर औषध काय? खरं तर औषध लागतच नाही. झोप वाढवायची, चहा कमी करायचा, विशेषतः संध्याकाळनंतरचा. स्वच्छ रुमाल कोमट पाण्यात बुडवून पिळायचा आणि मिटलेल्या डोळ्यांवर पाच-सात मिनिटं ठेवायचा. शिवणकाम, निवडणं, मोबाइल असं काही करत असाल तर दर वीस मिनिटांनी वीस सेकंद दूरवर, अंगणातल्या झाडाकडे म्हणा, बघायचं. डोळ्यांत सारखं खुपत असेल, वाळू गेल्यासारखं वाटत असेल, तर डॉक्टर अश्रूंसारखे थेंब देतात, त्याने कोरडेपणा जातो.

काय करायचं नाही तेही सांगते. डोळ्यांत मध, गुलाबपाणी, एरंडेल, अंगावरचं दूध घालायचं नाही. मेडिकलमध्ये जाऊन "डोळ्यांचे ड्रॉप द्या हो" म्हणून कुठलीही बाटली आणायची नाही. त्यातल्या काहींमध्ये स्टेरॉइड असतं. ते बरेच दिवस घातलं तर डोळ्यांतला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो. फडफड परवडली, पण हे नको. मॅग्नेशियमच्या गोळ्यांचीही आजकाल मोबाइलवर जाहिरातबाजी चालते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय त्याही घेऊ नका.

इथवरचं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. आता जे सांगते ते तसं नाही.

आमच्या गावातली एक बाई. चाळिशीच्या आतबाहेरची. नाव सांगत नाही. एका कापड दुकानात कामाला होती. तिचा डावा डोळा फडफडायला लागला. डावा, म्हणजे शुभच! पण ते थांबेना. काही महिन्यांत डोळा जोरात मिटायला लागला, मग गाल ओढला जाऊ लागला, मग ओठाचा कोपराही. एका बाजूचा अर्धा चेहरा आचके द्यायचा. आणि गिऱ्हाइकासमोर साडी उलगडताना बाईचा डोळा असा मिटला, तर गावात काय अर्थ काढतात ते मी सांगायला नको. "डोळा मारते." दोनच शब्द. दुकानात टवाळ पोरं मुद्दाम यायला लागली. मालकाने "तब्येत सांभाळा" म्हणून कामावरून कमी केलं. नवरा संशय घ्यायला लागला. सासूने देवऋषी गाठला, दंडाला ताईत आला, अंगारा आला. बाईने पदर तोंडावर ओढायला सुरुवात केली आणि हळदीकुंकवाला, लग्नकार्याला जाणंच सोडलं. एका डॉक्टरकडे नेलं, त्यांनी "टेन्शन घेऊ नका" म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. यात दोन वर्षं गेली.

तिच्या मदतीला कोण धावलं असेल? तिची आठ वर्षांची लेक! एका रात्री लघवीला उठली तेव्हा तिने आईकडे पाहिलं आणि सकाळी सगळ्यांसमोर म्हणाली, "आजी, आई झोपेतपण डोळा मिचकावते." घर गप्प झालं. झोपेत कोण कुणाला डोळा मारतं?

त्या लेकरानं नकळत सांगितलेली खूण डॉक्टरही विचारतात. या आजाराला हेमिफेशियल स्पाझम म्हणतात. यात झोपेतही आचके येतात. चेहऱ्याची हालचाल करणारी जी नस मेंदूच्या बुडापासून निघते, तिच्यावर तिथेच एखादी रक्तवाहिनी टेकते, घासते. नस डिवचली जाते आणि त्या बाजूचे स्नायू आपोआप आकसतात. बहुधा चाळिशी-पन्नाशीत हा आजार सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतो. यात ना चारित्र्याचा संबंध, ना बाहेरच्या बाधेचा, ना मनाच्या कमकुवतपणाचा.

याचाच एक भाऊबंद आहे, ब्लेफरोस्पाझम. त्यात दोन्ही डोळे एकदम घट्ट मिटतात. सुरुवातीला नुसती उघडझाप वाढते, उजेड सहन होत नाही. पुढे पुढे रस्ता ओलांडताना डोळे मिटतात आणि उघडता उघडत नाहीत. नजर चांगली असून बाई आंधळ्यासारखी होते. हाही बायकांतच जास्त. एके काळी अशा रुग्णांना 'हे मनाचे खेळ' म्हणून वेड्याच्या डॉक्टरकडे पाठवत. आता माहीत झालंय की स्नायूंना हुकूम देणाऱ्या मेंदूतल्या यंत्रणेतला हा बिघाड आहे.

या दोन्हींवर उपचार आहे आणि त्याचं नाव ऐकून तुम्ही चकित व्हाल. बोटॉक्स! नट्या सुरकुत्या घालवायला घेतात म्हणून आपण जे ऐकतो, तेच. पण मैत्रिणींनो, ते औषध आधी डोळ्यांसाठी आलं. सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. अ‍ॅलन स्कॉट या नेत्रतज्ज्ञांनी तिरळेपणावर ते वापरून पाहिलं आणि १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला तिरळेपणा आणि पापण्यांच्या आचक्यांसाठी मान्यता मिळाली. कपाळावरच्या आठ्यांसाठीची मान्यता तिथे २००२ ची. अगदी थोड्या प्रमाणात ते डोळ्याभोवतीच्या स्नायूत टोचतात. काही दिवसांत आचके कमी होतात, तीनेक महिने आराम मिळतो, मग पुन्हा टोचून घ्यावं लागतं. कधी कधी काही दिवस पापणी खाली येते किंवा डोळा कोरडा होतो, पण ते ओसरतं. अर्ध्या चेहऱ्याच्या आचक्यांवर शस्त्रक्रियाही आहे. कानामागे छोटा छेद घेऊन नस आणि रक्तवाहिनी यांच्यामध्ये टेफ्लॉनची बारीक गादी ठेवतात. बऱ्याच जणांचा त्रास त्याने कायमचा जातो. पण ती मेंदूजवळची शस्त्रक्रिया, ऐकू येण्यावर परिणाम व्हायचा धोका असतो. म्हणून नीट चौकशी करूनच निर्णय घ्यावा लागतो.

आमच्या त्या बाईला जिल्ह्याच्या ठिकाणी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मोठ्या शहरातल्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. एमआरआय झाला, इंजेक्शन झालं. आठवड्याने ती माझ्याकडे आली तेव्हा पदर खांद्यावर होता. म्हणाली, "ताई, दोन वर्षांनी आरशात माझंच तोंड बघितलं."

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. चार महिन्यांनी पुन्हा इंजेक्शनची वेळ आली, तेव्हा नवरा म्हणाला, "ते नटव्या बायकांचं इंजेक्शन सारखं सारखं कशाला?" औषध खर्चिक आहे, हे खरंच. पण त्याच घरात मोटारसायकलचा हप्ता एकदाही चुकला नव्हता. शेवटी आम्ही गटातून तिला कर्ज दिलं. बाकी जणींनी एका शब्दाने विरोध केला नाही. आता ती घरी फॉल-पिको करते आणि ते फेडते. तुमच्याकडे असं कुणी असेल तर आधी जिल्हा रुग्णालयाच्या नेत्रविभागात न्या. पुढे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मेंदूविकाराची ओपीडी कुठल्या वारी असते आणि इंजेक्शनचा खर्च किती येईल, हे तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना विचारा. विचारायला लाजू नका.

मग साधी फडफड कुठली आणि डॉक्टरकडे जाण्यासारखी कुठली? तीन-चार आठवड्यांत थांबली नाही तर दाखवा. डोळा पूर्ण मिटत असेल, गाल किंवा ओठही ओढला जात असेल, डोळा लाल झाला, सुजला, घाण येऊ लागली, पापणी खाली लोंबायला लागली किंवा एकाचे दोन दिसायला लागले, तर वाट बघू नका. आचक्यांची जमेल तशी नोंद ठेवा, मोबाइलवर व्हिडिओ काढा. डॉक्टरसमोर नेमके आचके येत नाहीत, तेव्हा तो उपयोगी पडतो. मानसिक आजाराच्या किंवा उलटीच्या काही औषधांनीही चेहऱ्याच्या अशा हालचाली होऊ शकतात. तेव्हा चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, मात्र गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. आणि एकाएकी तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, हात उचलेना, तर ते पापणीचं दुखणं नव्हे. तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा पहिल्या साडेचार तासांत रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येतं. त्या वेळी अंगारा नको, गाडी बोलवा.

आता माझं मुख्य म्हणणं. पापणी फडफडते म्हणून गेलं की सगळे सांगतात, "झोप घ्या, ताण घेऊ नका." सल्ला अगदी बरोबर. पण झोप काय बाजारात मिळते? २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत दिसलं, की घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटं. आणि ही ८८ मिनिटंसुद्धा जे पुरुष घरकाम करतात त्यांचीच. जे काडीही हलवत नाहीत ते या सरासरीत नाहीत. मग बाईने झोपायचं कुठल्या तासाला? "ताण घेऊ नकोस" असं बाईला सांगणं सोपं असतं. "आज सासऱ्यांकडे मी उठतो, तू झोप" हे म्हणणं जड जातं. माझ्या मते खरं औषध या दुसऱ्या वाक्यात आहे.

आणि थोडं आपल्यालाही सुनावते. नवऱ्याचं डोकं दुखलं की आपण बाम घेऊन धावतो, मुलाला शिंक आली की काढा करतो. आपला डोळा महिनाभर लवला तरी "होईल बरा". रात्री आठवड्यातून दोनदा तरी घरातल्या दुसऱ्या कुणी उठायचं, हे ठरवून मागून घ्या. भांडून नव्हे, सांगून. आपण सांगतच नाही, म्हणून कित्येकदा कुणाला कळतही नाही.

त्या बचतगटातल्या मैत्रिणीचं पुढे काय झालं ते सांगते. मी तिच्या नवऱ्याशी बोलले. माणूस वाईट नाही, त्याला फक्त सुचलं नव्हतं. आता एक दिवसाआड तो वडिलांपाशी झोपतो. पुढच्या बैठकीत कुणीतरी विचारलंच, "काय गं, डावा डोळा लवत होता, मिळालं का काही?" ती म्हणाली, "मिळाली ना, सात तासांची झोप!"

तेव्हा मैत्रिणींनो, यापुढे शेजारच्या कुणाची पापणी फडफडली तर "डावा की उजवा?" जरूर विचारा, आपली ती गंमत आहे. पण लगेच पुढचा प्रश्नही विचारा, "झोपलीस का नीट?" आणि एखादीचा डोळा सारखाच मिटत असेल, तर तिच्यावर हसणाऱ्यांना तिथल्या तिथे गप्प करा.